उंची चढली, कोन बिघडला : तळवड्याच्या रस्त्यावरून रॉबर्ट हुकच्या लंडनपर्यंत

१/
निगडीहून तळवडेमार्गे चाकणकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला अर्धा तास उभे राहा. कंटेनर, टेम्पो, कंपन्यांच्या बसगाड्या, आणि त्यांच्यामधून मधूनच एखादी मागचा भाग हातभर उंच केलेली पिकअप किंवा जीप. रुंद टायर, चकचकीत रंग. गाडीने वेग घेतला की मात्र तिच्या पोटातून एक घुमणारी थरथर ऐकू येते. आजचा धागा त्या थरथरीच्या इतिहासाचा आहे. तिचे मूळ सतराव्या शतकात आहे.

२/
या कथेत तीन वस्तू आहेत. पहिली कमान, म्हणजे गाडीचे वजन पेलणारे पोलादी पाट्यांचे स्प्रिंग. दुसरी प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची फिरकी मागच्या धुऱ्याकडे नेणारी नळी. तिसरी त्या नळीच्या दोन्ही टोकांना असलेला सांधा, ज्याला आपल्याकडचे मिस्त्री ‘जॉइंट क्रॉस’ म्हणतात. कमान आणि सांधा या दोन वस्तूंमागचे शास्त्र एकाच माणसाने मांडले. गाडी उंच केली की या दोहोंचे आपसांत जुळेनासे होते.

३/
आधी स्थळ. तळवडे हे इंद्रायणीकाठचे, देहूच्या शेजारचे गाव. १९६०च्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाने पिंपरी-चिंचवडला कारखान्यांसाठी जमिनी संपादित केल्या आणि शेतीच्या या मुलखाची दिशा पालटली. १९८२ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली, १९९७ साली तळवडे तिच्या हद्दीत आले. आज गावात एका बाजूला संगणक कंपन्यांच्या इमारती आहेत, तर दुसऱ्या बाजूला वाहनांचे सुटे भाग घडवणारी लहान पत्र्याची शेड्‌स.

४/
आता काळ. १६६० सालचा पावसाळा. तळवड्यापासून काही कोसांवर असलेल्या चाकणच्या संग्रामदुर्गाला शायिस्ताखानाचा वेढा पडलेला होता आणि किल्लेदार फिरंगोजी नरसाळा मूठभर शिबंदीनिशी झुंजत होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लंडनमध्ये काही विद्वान एकत्र आले आणि पुढे ‘रॉयल सोसायटी’ म्हणून गाजलेल्या संस्थेचा पाया घातला गेला. १६६२ साली या संस्थेने प्रयोग करून दाखवण्यासाठी एक तरुण नेमला. त्याचे नाव रॉबर्ट हुक. तो शिवाजी महाराजांहून वयाने पाच वर्षांनी लहान होता.

५/
१६७६ साल. महाराज दक्षिण दिग्विजयाच्या तयारीत होते आणि हुकने दुर्बिणी व इतर उपकरणांविषयी एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले होते. त्यात एक चमत्कारिक सांधा होता. एका दांड्याच्या टोकाला काटा, दुसऱ्याच्या टोकाला काटा, आणि दोहोंच्या मध्ये अधिक चिन्हाच्या आकाराची फुली. दांडे सरळ रेषेत नसले तरी एक फिरवला की दुसराही फिरतो. खगोल उपकरणे वळवावीत, सूर्यघड्याळाच्या रेषा आखाव्यात, एवढाच त्याचा हेतू होता.

६/
ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. एकात एक अडकवलेल्या कड्यांचा झोका प्राचीन काळापासून ठाऊक होता. इटालियन गणिती कार्डानोने १५५० साली त्याचे वर्णन केले, म्हणून युरोपात आजही या शाफ्टला ‘कार्डन शाफ्ट’ म्हणतात. परंतु फिरकी वाहून नेणारा सांधा म्हणून त्याचा बारकाईने विचार करण्याचे श्रेय हुककडे जाते. इंग्रजी पुस्तकांत तो ‘हुकचा सांधा’ याच नावाने येतो.

७/
त्याच पुस्तकाच्या शेवटी हुकने आणखी एक खोडी करून ठेवली. एका शोधाची अक्षरे वर्णानुक्रमे लावून त्याने कोडे छापले. शोध कोणी चोरू नये, पण अग्रहक्क आपलाच राहावा, हा त्यामागचा हिशेब होता. १६७८ साली त्याने स्वतःच ते उलगडले. अर्थ असा : स्प्रिंग जेवढे ताणाल, तेवढ्याच प्रमाणात त्याचे बळ वाढते. शाळेत आपण पाठ करतो तो हुकचा नियम हाच. एकाच पुस्तकात सांधा उघड होता आणि कमान कोड्यात दडलेली.

८/
कमानीचा नियम ट्रकला लावून पाहू. ५०० किलो भाराने मागचा भाग ५ सेंटिमीटर बसत असेल, तर १००० किलोने तो १० सेंटिमीटर बसेल. म्हणजे मालवाहू गाडीची उंची ही कायमची ठरलेली गोष्ट नाही. ती भारागणिक बदलते. रिकामा ट्रक मागे उंच दिसतो तो यामुळेच. त्याच्या कमानी भरलेल्या अवस्थेसाठी घडवलेल्या असतात.

९/
आता सांध्याची खोड. दोन दांड्यांमध्ये कोन असला की पहिला एकसारख्या गतीने फिरला तरी दुसरा तसा फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन लहान असेल तर हा फरक जाणवतही नाही. ३ अंशांवर तो हजारात दीडएवढाही नसतो. २० अंशांवर मात्र गती शेकडा सहाच्या आसपास वरखाली होते. सूर्यघड्याळावरील तासांच्या रेषा समान अंतरावर नसतात. त्या विषमतेचे आणि या विषमतेचे गणित एकाच जातीचे आहे.

१०/
यावरचा उपायही हुकच्याच काळातला. एकाऐवजी दोन सांधे वापरायचे. पहिल्याने गतीत जी चूक केली ती दुसऱ्याने उलट चूक करून फेडायची. त्यासाठी दोन अटी आहेत. दोन्ही सांध्यांचे कोन समान हवेत, आणि मधल्या दांड्याचे दोन्ही काटे एकाच प्रतलात हवेत. या दोन अटी पाळल्या की शेवटचा दांडा पुन्हा एकसारखा फिरतो. आज रस्त्यावरचा प्रत्येक ट्रक याच तडजोडीवर चालतो.

११/
पुढची दोन शतके हे ज्ञान जवळजवळ निवांत पडून होते. १८०४ साली इंग्लंडमध्ये ओबाडाया एलियटने घोडागाड्यांसाठी लंबवर्तुळाकार कमानींचा पेटंट घेतला आणि प्रवाशांच्या पाठीला आराम मिळाला. सुरुवातीच्या बहुतेक मोटारगाड्यांत चाके साखळीने किंवा पट्ट्याने फिरत. १८९८ साली लुई रेनोने आपल्या छोट्या गाडीत साखळी काढून शाफ्ट बसवला. १९०३ साली अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसरला मोटारीसाठीच्या बंदिस्त सांध्याचे पेटंट मिळाले. सूर्यघड्याळासाठी सुचलेला सांधा रस्त्यावर उतरला.

१२/
याच सुमारास फ्रान्समधील हॉचकिस या मूळच्या तोफा-बंदुका बनवणाऱ्या कंपनीच्या गाड्यांमुळे एक मांडणी रूढ झाली. मागचा धुरा धरून ठेवायला वेगळे दांडे नकोत. कमानीच तो धरतील. वजन पेलणे, धुरा जागेवर ठेवणे आणि चाकांचा धक्का सांगाड्यापर्यंत पोहोचवणे ही तिन्ही कामे पाट्यांच्या एका जुडग्याकडे आली. मांडणी स्वस्त आणि दणकट. म्हणून ट्रकने ती सव्वाशे वर्षे सोडलेली नाही.

१३/
पण येथेच एक गाठ पडली. धुरा कमानीला जखडलेला, आणि शाफ्टचे मागचे टोक धुऱ्याला जोडलेले. म्हणजे कमानीला हात लावला की शाफ्टचा कोन बदलणारच. उंची एकट्याने बदलता येतच नाही. गाडी उंच करणारे बहुतेक तरुण नेमके हेच विसरतात. जो थरथराट पुढे होतो, तो या विस्मरणाचा.

१४/
महाराष्ट्रात ही मांडणी घरोघरी ओळखीची केली ती जीपने. १९४५ साली स्थापन झालेली महिंद्र अँड महमद ही कंपनी १९४८ साली महिंद्र अँड महिंद्र झाली, आणि विलिस जीप मुंबईत जुळवून विकण्याचा तिचा व्यवसाय मूळ धरू लागला. गंमत अशी, की १९५०च्या दशकात फ्रान्समध्ये याच जीपचा परवाना हॉचकिसकडे होता. एकच गाडी, दोन खंड. आणि मागच्या धुऱ्याची रचना तीच, हॉचकिसच्या नावाने ओळखली जाणारी.

१५/
जीपची दोन चाकांमधली लांबी अवघी ८० इंच. त्यामुळे तिचा मागचा शाफ्ट अगदी आखूड. शिवाय तिच्या कमानी धुऱ्याच्या खालून जातात. याचा फायदा घेऊन पुढे हौशी मंडळींनी त्या धुऱ्याच्या वर चढवल्या आणि गाडी एका फटक्यात चार-पाच इंच उंच केली. नदीनाले, डोंगरवाटा सोप्या झाल्या. आखूड शाफ्ट मात्र तिरका होऊन बसला.

१६/
पिंपरी-चिंचवडची कथा ट्रकची. १९४५ साली स्थापन झालेल्या टेल्कोने १९५४ साली डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. हा करार १९६९ साली संपला. त्याआधीच, १९६६ साली, सुमंत मूळगावकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात कंपनीचा पसारा उभा राहू लागला होता. येथे आधी अवजारे, साचे आणि माणसे घडवली गेली. पुण्यातून पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले ते १९७७ साली.

१७/
१९८६ साली टाटा ४०७ आली. त्या वेळी चार भारतीय-जपानी कंपन्या हलक्या ट्रकच्या बाजारात उतरल्या होत्या. त्यांच्याशी टक्कर देत पुण्याच्या अभियंत्यांनी घडवलेली ही गाडी भारतीय रस्त्याला मानवली. १९८८ साली टाटा मोबाइल ही पिकअप आली आणि तिच्याच सांगाड्यातून पुढे सिएरा, इस्टेट आणि १९९४ साली सुमो निघाली. ‘सुमो’ हे नाव कुस्तीवरून आलेले नाही. ते सुमंत मूळगावकर यांच्या आद्याक्षरांवरून आले आहे.

१८/
अशी गाडी आखणाऱ्यापुढे एक पेच असतो. रिकाम्या गाडीत मागचा भाग वर, शाफ्टचा उतार जास्त. भरलेल्या गाडीत मागचा भाग खाली, उतार कमी. दोन्ही अवस्थांत कोन सुसह्य राहतील असा मध्य त्याला गाठायचा असतो. लांब ट्रकमध्ये शाफ्टचे दोन तुकडे करून मध्ये एक बेअरिंग टांगतात. लांब नळी स्वतःच्या वजनाने झुकून वेगात फडफडू नये, हा त्यामागचा हेतू. म्हणजे कारखान्याने ठरवलेली उंची हा अनेक अवस्थांचा तोललेला हिशेब असतो.

१९/
आता ही उंची वाढवण्याचे प्रकार पाहू. एक, धुरा आणि कमान यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालून लांब यू-बोल्टने आवळणे. दोन, कमानीच्या मागच्या टोकाची लटकती पट्टी, म्हणजे शॅकल, लांब करणे. तीन, कमानीत जादा पाटा घालणे किंवा तिला नव्याने बाक देणे. बाहेरून परिणाम सारखा दिसतो. आतून तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे.

२०/
ठोकळा धुऱ्याला सरळ खाली ढकलतो. त्यामुळे दोन्ही सांध्यांचे कोन समान राहतात, पण दोन्ही मोठे होतात. शिवाय जोर लावताना धुऱ्याला कमानीवर पीळ देणारी तरफही त्याने लांबते. लांब शॅकलने उंची वाढते ती तिच्या जादा लांबीच्या निम्मीच. आणि सगळी कमान तिरकी होऊन पिनियनचे नाक वर उचलले जाते. म्हणजे हुकच्या काळची पहिली अट, समान कोनांची, तीच मोडते.

२१/
आकड्यांत पाहू. समजा, गिअरबॉक्स आणि धुरा यांतले आडवे अंतर १२०० मिलिमीटर आहे, शाफ्टचा उतार ६० मिलिमीटर आहे आणि गिअरबॉक्स समपातळीत आहे. कोन भरतो २.९ अंश. गाडी १०० मिलिमीटर उंच केली की तो ७.६ अंश होतो. आता हेच अंतर जीपसारखे आखूड, ५०० मिलिमीटर धरा. मूळचा ६.८ अंशांचा कोन थेट १७.७ अंशांवर जातो. उंची तेवढीच वाढली. पण आखूड गाडीने किंमत कितीतरी जास्त मोजली.

२२/
१७.७ अंशांवर शाफ्टची गती जवळपास शेकडा पाच वरखाली होते. मिनिटाला २००० फेरे असतील तर प्रत्येक फेऱ्यात ती सुमारे १९०५ ते २१०० यांमध्ये हिंदकळते, आणि हे हिंदकळणे मिनिटाला ४००० वेळा घडते. दोन्ही कोन समान असले तरी मधला शाफ्ट हा मार खातच असतो. समान नसले तर तो धुऱ्यापर्यंत पोहोचतो. रस्त्यावर ऐकलेली घुमणारी थरथर ती हीच.

२३/
लांबीचा प्रश्नही आहे. वरच्या आखूड उदाहरणात शाफ्टला सुमारे २१ मिलिमीटर जास्त लांबी गाठावी लागते. ती त्याच्या सरकत्या दातेरी जोडातून येते. तो जोड आधीच बाहेर आलेला असेल, तर मोठ्या खड्ड्यात चाक लोंबकळताच दाते सुटू शकतात. धावत्या गाडीखाली सुटलेला शाफ्ट काय करतो, हे कोणत्याही जुन्या मिस्त्रीला विचारा. पुढचे टोक सुटून जमिनीत रुतले तर गाडी उचलली जाते.

२४/
मग योग्य रीत कोणती? गाडी सपाट जागी, तिच्या नेहमीच्या भारासह, स्वतःच्या चाकांवर उभी करायची. जॅकवर उचलून मोजलेला कोन खोटा असतो, कारण धुरा लोंबकळतो. मग कोनमापकाने तीन कोन घ्यायचे : गिअरबॉक्सच्या टोकाचा, शाफ्टचा आणि पिनियनचा. साध्या दोन सांध्यांच्या शाफ्टमध्ये गिअरबॉक्स आणि पिनियन समांतर असावेत. कमानीच्या गाडीत पिनियन त्याहून एखाद-दोन अंश खाली ठेवतात. जोर लावताना त्याचे नाक वर येते, म्हणून.

२५/
ही दुरुस्ती करण्यासाठी कमान आणि धुरा यांच्यामध्ये पाचरीसारखी निमुळती पट्टी घालतात. कोन फारच मोठा असेल तर गिअरबॉक्सकडच्या टोकाला जोडसांधा बसवतात; मग मात्र नियम बदलतो, आणि पिनियनचे तोंड शाफ्टच्याच दिशेने ठेवावे लागते. पुष्कळदा सर्वांत शहाणा उपाय सर्वांत साधा असतो : मागची उंची दोन इंचांनी उतरवणे. आणि शाफ्ट सोडण्यापूर्वी खडूने खूण करा. दातेरी जोड एक दाता जरी चुकला, तरी दोन्ही काटे एका प्रतलात राहत नाहीत.

२६/
दोष ओळखण्याची एक खूणही लक्षात ठेवावी. शाफ्ट वाकला असेल किंवा त्याचा तोल बिघडला असेल, तर थरथर प्रत्येक फेऱ्यात एकदा येते. कोन चुकला असेल तर ती दोनदा येते. पहिल्या रोगावर शाफ्टचा तोल साधणे हे औषध आहे. दुसऱ्यावर ते कितीही वेळा करा, गुण येणार नाही. फेऱ्यातली ही दोनदा येणारी लय हुकच्या सांध्याची जन्मखूण आहे.

२७/
कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आली. अनेकांना हा जाच वाटतो. पण वरचा २१ मिलिमीटरचा हिशेब आठवला, तर त्यामागचे कारण कळते.

२८/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे आणखी एक गोष्ट टिपावी. हुकचे पुस्तक ग्रंथालयात जपलेले आहे. पण कोणत्या ट्रकला किती जाडीची पाचर लागते, कोणती कमान कोणत्या भाराला बसते, हे ज्ञान तळवडे, चिखली, भोसरी, चाकण येथल्या शेडमधल्या लोकांच्या हातात आहे. त्याची नोंद कुठल्याही बखरीत नाही. ती पिढी निवृत्त होत आहे. घरात, शेजारी असे कोणी असतील तर त्यांच्याजवळ बसा, विचारा, लिहून ठेवा. हेही दस्तऐवजच आहेत.

२९/
शेवटी पुन्हा चाकण. संग्रामदुर्ग हा गिरिदुर्ग नाही, भुईकोट आहे. त्याला उंचीचा आधार नव्हता. तरीही सुरुंगाने बुरूज उडेपर्यंत तो पावणेदोन महिने लढला. तट, खंदक आणि माणसे एकमेकांना धरून होती म्हणून. गाडीचेही तसेच आहे. नुसती उंची वाढवून ती बळकट होत नाही. कमान, शाफ्ट आणि सांधा यांनी एकमेकांना धरून राहायला हवे.

३०/
पुढच्या वेळी तळवड्याच्या चौकात एखादी उंच केलेली गाडी थरथरत गेली, तर क्षणभर कान द्या. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका पुस्तकात शेजारी शेजारी आलेले दोन विचार तिच्या पोटात भांडत असतात. आणि ती गाडी मित्राची असेल, तर त्याला थांबवा आणि शाफ्टखाली कोनमापक लावायला सांगा. धागा समाप्त.